लंगोटाखालची पांढरी ट्यूब आणि तिच्याभोवतीचा पसारा

बाळ घरी आलं की आठवड्याभरात कपाटाचा एक खण गच्च भरतो. दोन तऱ्हेची पावडर, बेबी ऑइल, वाइप्सची तीन पाकिटं, बारशाला येणारे गिफ्ट बॉक्स, दुबईच्या मामीने पाठवलेलं क्रीम आणि आजीने हट्टाने आणवलेली खोबरेलाची बाटली. यातलं निम्मं सामान नवजात बाळाच्या त्वचेला लागतच नाही. दोन-तीन वस्तू चक्क त्रास देतात. ही पारख त्या खणाची. सगळ्यात जास्त जागा लंगोटाखाली लावायच्या क्रीमला दिली आहे, कारण पैसेही तिथेच जातात आणि गैरसमजही तिथेच साचतात.

आधी पुरळ का येतं ते पाहू, म्हणजे कुठली वस्तू कशासाठी घ्यायची ते आपोआप कळतं. नवजात बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो. जन्मतः तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी आंबटता जास्त) साडेसहा-सातच्या आसपास असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो पाच-साडेपाचकडे उतरतो. ही हलकी आंबटता म्हणजे त्वचेची राखण. लंगोटात लघवी आणि शी एकत्र आली की शीतल्या जंतूंचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) लघवीतला युरिया फोडतं, अमोनिया तयार होतो आणि पीएच वर चढतो. चढलेल्या पीएचमध्ये शीतली पचनाची विकरं जोमात येतात आणि दुधातली प्रथिनं-चरबी पचवायची सोडून बाळाचीच कातडी पचवायला लागतात. ओलीमुळे कातडी आधीच फुगून नरम झालेली असते, त्यात कापड घासतं. म्हणून शी झालेला लंगोट दोन तास राहणं हे नुसत्या लघवीच्या लंगोटापेक्षा कितीतरी वाईट. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पीएच कमी असतो, त्यामुळे वरचं दूध सुरू झालं की पुरळाचा त्रास वाढलेला दिसतो.

मुंबईत या सगळ्यावर हवेची भर. जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा ८०-९० टक्क्यांवर असतो, आणि ऑक्टोबरात ऊन आणि घाम. पुण्या-नाशकात जी त्वचा दहा मिनिटांत वाऱ्यावर कोरडी होते ती इथे अर्धा तास चिकट राहते. त्यामुळे बाहेरगावच्या आत्याने सांगितलेला नुस्खा इथे जसाच्या तसा चालेल याची खात्री नाही.

आता क्रीम. मेडिकलच्या काउंटरवर 'बाळाच्या रॅशचं क्रीम द्या' म्हटलं की साधारण तीन जातीच्या ट्यूब पुढे येतात. पहिली झिंक ऑक्साइडची, पांढरीशुभ्र, दाट. दुसरी पारदर्शक किंवा दुधट, पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन नावाच्या सिलिकोनची. तिसरी बदामाचं तेल, कोरफड, कडुनिंब अशी नावं वेष्टनावर मिरवणारी, तिच्यात झिंक असतंही आणि नसतंही. चौथी एक जात आहे, ती काउंटरखालून येते, तिच्याबद्दल पुढे.

ही क्रीमं मुळात भिंती आहेत. त्वचा आणि शी यांच्यामध्ये उभं राहणं एवढंच त्यांचं काम, भरून काढायचं काम त्वचा स्वतः करते. हे एकदा लक्षात आलं की ब्रँडच्या नावापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: भिंत किती जाड आणि भिंतीत नको ते काय मिसळलंय.

जाडीसाठी ट्यूबमागची बारीक छपाई वाचावी. मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा, कारण ती छपाई डोळ्यांसाठी केलेली नसते. जी ट्यूब औषध म्हणून बनते तिच्यावर झिंक ऑक्साइडची टक्केवारी लिहिलेली असते. कॉस्मेटिक म्हणून बनते तिच्यावर फक्त घटकांची यादी असते, आणि ती उतरत्या क्रमाने, जास्त ते आधी. झिंक ऑक्साइड पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ट्यूब कामाची. सुगंधाच्या आसपास, यादीच्या शेपटाला लागलेलं असेल तर ते पांढऱ्या रंगापुरतं आहे असं समजा. रोजच्या राखणीला साधारण १० ते १५ टक्के झिंक पुरतं. लाल झालेल्या बुडाला २० ते ४० टक्के लागतं.

नको ते काय? परफ्यूम पहिलं. यादीत 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफम' दिसलं की ट्यूब परत ठेवा, मग ती कितीही 'नॅचरल' असो. लव्हेंडर, टी ट्री, लिंबाचं तेल हेही त्यातच आले. दुसरं बोरिक ॲसिड. घरोघरी असलेल्या बोरोलीनमध्ये झिंक ऑक्साइड ३ टक्के आणि बोरिक ॲसिड १ टक्का असतं. मोठ्यांच्या फाटलेल्या ओठांना ते ठीक, पण सोललेल्या कातडीतून बोरिक रक्तात शोषलं जातं आणि तान्ह्या बाळाला ते परवडत नाही. शिवाय ३ टक्के झिंक म्हणजे भिंत नव्हे, पडदा. तिसरं सॅलिसिलिक ॲसिड: झिंकची जी जुनी लासार पेस्ट मिळते तिच्यात ते २ टक्के असतं, आणि केमिस्ट सहज हातात देतो. झिंकची पेस्ट मागताना 'सॅलिसिलिकशिवाय' हा शब्द तोंडाने उच्चारा. कापूर-मेंथॉलची कुठलीही थंडगार वाटणारी वस्तू बाळाच्या जवळ नको.

घरी करायची एक सोपी परीक्षा आहे. स्टीलच्या ताटलीच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढं क्रीम रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पसरा. पाच मिनिटं थांबा. मग ताटली तिरकी धरून नळ अगदी बारीक सोडा. चांगल्या पेस्टवरून पाणी मोत्यांसारखं घरंगळतं आणि पांढरा डाग जागच्या जागी राहतो. मिनिटभरात डाग दुधासारखा वाहायला लागला तर ते क्रीम पाण्याच्या पायावर बनलेलं हलकं लोशन आहे. हाताला छान मऊ लागतं, वासही बरा, पण बाळाच्या पहिल्याच शूमध्ये वाहून जाणार. जाहिरातीत 'चिकट नाही, पटकन मुरतं' अशी ज्याची स्तुती असते, ते नेमकं या कामाला नालायक. इथे मुरणारं काही नकोय.

परदेशी ट्यूबांची क्रेझ मुंबईत मोठी आहे. डेसिटिनच्या जांभळ्या ट्यूबमध्ये झिंक ऑक्साइड ४० टक्के, निळीत १३ टक्के. जांभळी मजबूत, पण तिला कॉड लिव्हर ऑइलचा वास आहे आणि मासळीबाजाराची सवय नसलेल्या घरात त्यावरून कुरबुर होते. सुडोक्रेमच्या करड्या डबीत १५.२५ टक्के झिंक, सोबत लॅनोलिन आणि बेन्झिल गटातली काही रसायनं. बेपॅन्थेन मलमात झिंक नाहीच, ५ टक्के डेक्सपॅन्थेनॉल आहे. रोजच्या राखणीला छान, भडकलेल्या पुरळाला अपुरं. तिन्ही बरी आहेत, पण बॅगेतून आलेली मिळाली तर वापरा. तिप्पट किंमत मोजून ऑनलाइन मागवण्यासारखं त्यांच्यात काही नाही. आपल्याकडची साधी २०-२५ टक्के झिंकची, बिनवासाची ट्यूब तेच काम करते. आणि डबीपेक्षा ट्यूब केव्हाही बरी. डबीत दिवसातून आठ वेळा बोट जातं, त्यातलं एखादं बोट शीचं असतंच.

साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीला कमी लेखू नका. पुरळ नसताना, नुसती राखण म्हणून, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपद्रवी वस्तू तीच. फक्त साधीच घ्या. कोकोची, कोरफडीची, गुलाबी झाकणाची नको.

आता लावण्याची रीत, कारण चांगली ट्यूब वाया जाते ती इथेच. शी झाली की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुढून मागे पुसा; मुलगी असेल तर हे कटाक्षाने. मग कोरड्या मलमलीने नुसतं टिपा, घासू नका. मग पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा, पंख्याच्या वाऱ्याखाली, पण थेट झोताखाली नाही. या मधल्या पायरीला फाटा दिला तर क्रीम ओलीच्या वर बसतं आणि ओल आत कोंडते. मुंबईत 'क्रीम लावूनही बरं होत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. कोरडं झाल्यावर बोटाच्या पेराएवढं क्रीम काढा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर टोकापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं नवजात बुडाला पुरतं. पोळीला तूप लावतो तसं चोळू नका. केकवर आयसिंग बसवतात तसा थर द्या, खालची कातडी दिसता कामा नये.

पुढच्या वेळी पुसताना हा पांढरा थर खरवडून काढायचा नसतो. वरची घाण तेवढी टिपायची, उरलेल्या थरावर नवा थर. प्रत्येक वेळी सगळं धुवून 'स्वच्छ' करणाऱ्या घरात बाळाचं बूड दोन दिवसांत जास्त लाल होतं, कारण झिंक घासून काढताना नवी कातडीही निघते. दिवसातून एकदा, अंघोळीआधी, पूर्ण काढायचंच असेल तर कापसावर खोबरेल घेऊन काढा. पाण्याने झिंक निघत नाही.

हिशोब असा: पुरळ असताना दिवसाला आठ वेळा अर्धा ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅम, ५० ग्रॅमची ट्यूब बारा दिवस जाते. राखणीसाठी दिवसातून दोनदा लावली तर तीच ट्यूब पन्नास दिवस. तीन महिन्यांत एकही ट्यूब संपली नसेल तर थर फार पातळ बसतोय, नाहीतर बाळ नशीबवान आहे. किंमत बघताना छापील दराला ग्रॅमने भागा. १५-२० ग्रॅमच्या देखण्या ट्यूब या भागाकारात उघड्या पडतात.

काउंटरखालची चौथी जात म्हणजे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम. 'हे लावा, दोन दिवसांत साफ' म्हणून ते दिलं जातं, आणि दोन दिवसांत लाली खरंच उतरते, म्हणून तर घातक. यादीत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काहीही दिसलं की हात मागे घ्या. लंगोटाखाली, बंद आणि दमट जागी, स्टेरॉइड कित्येक पटींनी आत शोषलं जातं. कातडी पातळ होते, रेघा पडतात आणि दबून बसलेली बुरशी मलम थांबलं की दुप्पट जोराने उठते. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. कागदावर. प्रत्यक्षात चिठ्ठी विचारणारा केमिस्ट भेटला तर त्याच्याकडूनच पुढची सगळी खरेदी करावी.

झिंक तीन दिवस नीट लावूनही पुरळ हटत नसेल तर ते बहुधा कँडिडाच्या बुरशीचं आहे. ओळखायची खूण सोपी. साधं पुरळ बुडाच्या फुगीर भागांवर, जिथे लंगोट घासतो तिथे येतं आणि जांघेच्या वळ्या त्यातून सुटतात. बुरशी मात्र वळ्यांच्या तळाशीच घर करते, मांसासारखी गडद लाल, कडेला स्पष्ट रेघ, आणि रेघेबाहेर मोहरीएवढे सुटे लाल ठिपके. बाळाला किंवा आईला नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल, किंवा बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे न पुसले जाणारे चट्टे असतील तर संशय पक्का. मग डॉक्टरांनी सांगितलेलं बुरशीनाशक आधी पातळ लावायचं, ते बसू द्यायचं आणि त्यावर झिंकचा थर. उलट क्रमाने लावलं तर औषध भिंतीबाहेरच राहतं.

कापडाचे लंगोट

मंगलदास मार्केटमध्ये मलमल मीटरवर मिळते, हिंदमाता आणि दादरच्या गल्ल्यांत शिवलेले नाड्यांचे त्रिकोणी लंगोट डझनावर. तयार रंगीत, छापील, झालर लावलेले बघायला गोड, पण शिवण जाड असते आणि ती नेमकी जांघेत रुतते. साधे पांढरे, एकेरी शिवणीचे घ्या. त्याहून बरं म्हणजे घरातली जुनी, शेकडो वेळा धुतलेली सुती साडी किंवा धोतर. आजीच्या नऊवारीची दुपटी आणि लंगोट मऊपणात दुकानातल्या कुठल्याही 'ऑर्गॅनिक' पाकिटाला हरवतात. एवढंच पाहा की ते लुगडं डांबरगोळ्यांच्या पेटीतून आलेलं नाही. नॅफ्थलिनचा अंश बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातो, आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची उणीव असलेल्या बाळात त्याने तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. वास धुतल्यावरही येत असेल तर ते कापड बाळाला नकोच, फरशी पुसायला ठेवा.

नव्या कापडाला खळ असते. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल उभा राहिला तर खळ आहे, लगेच पसरला तर कापड तयार. दोन-तीन धुण्यांत खळ जाते.

किती लागतात? नवजात बाळ दिवसाला पंधरा-वीस वेळा शू करतं. उन्हाळ्यात दोन डझन भागतात, पावसाळ्यात तीन ते साडेतीन डझन धरा, कारण दमट हवेत एक लंगोट सुकायला दीड-दोन दिवस घेतो. खिडकीच्या ग्रिलवर किंवा छताच्या कप्पीच्या दांडीवर एकावर एक टाकलेले लंगोट वरून कोरडे आणि नाडीजवळ ओले राहतात, आणि तो कुबट वास म्हणजे बुरशीचीच चाहूल. एकाआड एक जागा सोडून टाका, पंखा चालू ठेवा, शेवटी दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा. शिवणीवर आणि नाडीच्या मुळाशी जरा जास्त. गालाला लावून बघा. गार लागला म्हणजे अजून ओला आहे.

धुताना शी आधी थंड पाण्याने काढायची, गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग गरम पाणी आणि मोजून टाकलेली पावडर, फेसाच्या हौसेने नाही. मग तीन पाणी. पालिकेचं तलावांचं पाणी त्यामानाने मऊ असतं, साबण लवकर सुटतो. पण जिथे टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येतं तिथे चौथं पाणी लागतं. कोरडा लंगोट स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने ढवळा. फेस आला तर साबण उरलाय आणि तो बाळाच्या लघवीत पुन्हा विरघळणार. नीळ, फॅब्रिक कंडिशनर आणि जंतुनाशकाचं झाकण या तिन्ही गोष्टी वर्ज्य. कंडिशनरने कापडावर तेलकट थर बसतो आणि लंगोट पाणी शोषायचाच बंद होतो. झिंकच्या क्रीमचंही तेच, म्हणून क्रीम लावलं की आत मलमलीचा एक सुटा तुकडा घाला आणि तो वेगळा धुवा.

लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी घालायची पद्धत अजून काही घरांत आहे. गादी वाचते, बूड जात नाही वाचत. मेणकापड गादीवर घाला, बाळावर नको.

नाळ पडेपर्यंत, म्हणजे पहिला एक-दोन आठवडे, लंगोट असो की डायपर, वरची कड बेंबीच्या खाली दुमडा.

डायपर

'डायपरने पुरळ येतं' हे अर्धसत्य आहे. डायपरच्या पोटात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे दाणे असतात. ते पाणी ओढून जेल होतात आणि पृष्ठभाग कोरडा ठेवतात. पावसाळ्यातल्या रात्री अर्धवट सुकलेल्या लंगोटापेक्षा चांगलं डायपर बाळाच्या कातडीला निश्चित बरं. पुरळ येतं ते डायपर 'बारा तास चालतं' यावर विश्वास ठेवल्याने. नवजात बाळाचं डायपर दर दोन-तीन तासांनी, आणि शी झाली की त्याच मिनिटाला बदलायचं. डायपरवरच्या पिवळ्या रेघेचा रंग निळा व्हायची वाट शीसाठी बघू नये, ती रेघ लघवीची आहे.

निवडायला पुन्हा घरगुती परीक्षा. डायपर पसरून मध्यभागी ६० मिलिलिटर कोमट पाणी, एका छोट्या मापाने, सावकाश ओता. पाच मिनिटांनी पुन्हा ६०. मग वर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने दहा सेकंद दाबा. टिश्यू जेमतेम दमट झाला तर उत्तम, भिजून चिकटला तर ते पाकीट नातेवाइकांत वाटून टाका. डायपरसाठी आयएस १७५०९ हे भारतीय मानक आहे, पाकिटावर त्याचा उल्लेख असेल तर चांगली खूण. मोठं पाकीट सवलतीत मिळतंय म्हणून पहिल्याच दिवशी घेऊ नका. नवजात साइज तीन-चार आठवड्यांत लहान होतो, आणि लहान झालेलं डायपर मांडीवर इलास्टिकची लाल वळ उठवतं. कंबरेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. अशी वळ म्हणजे पुरळ नव्हे, त्यावर क्रीमचा उपयोग नाही, साइज बदला.

वाइप्स घरात नकोत. लोकलच्या प्रवासाला, लसीकरणाच्या रांगेत ठीक. घेताना ९८-९९ टक्के पाणी लिहिलेले, बिनवासाचे. यादीत मेथिलआयसोथायाझोलिनोन असेल तर नाही, ॲलर्जीसाठी ते बदनाम आहे. घरी कापूस आणि उकळून कोमट केलेलं पाणी, बस्स.

पावडरबद्दल लिहायला फार काही नाही: नको. टाल्कची धूळ बाळाच्या श्वासात जाते. जॉन्सन अँड जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर २०२३ मध्ये जगभर थांबवून मक्याच्या पिठावर जाण्याचं ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं, पण मक्याचं पीठही घामाने वळ्यांत गोळे होऊन टोचतं. क्रीमवर पावडर भुरभुरवली की दोघांची मिळून सँडपेपर होते. बोरिक पावडरची जागा कॅरम बोर्डावर.

तेल, साबण आणि न्हाऊ घालणाऱ्या बाई

मालिशीला साधं खाण्याचं खोबरेल मुंबईच्या हवेत सगळ्यात योग्य. सुगंधी 'हेअर ऑइल' वेगळं, बाटल्या सारख्या दिसतात, लेबल बघा. मोहरीचं तेल नवजात त्वचेला झोंबतं, ऑलिव्ह महाग असूनही त्वचेची भिंत सैल करतं. बेबी ऑइल म्हणजे बहुतेक वेळा सुगंध घातलेलं लिक्विड पॅराफिन. वाईट नाही, पैशाच्या मानाने किरकोळ. अंघोळीनंतर तेल थापून ठेवू नका, मान-काखेच्या वळ्यांत ते घामाबरोबर कोंडलं की घामोळं उठतं. डोक्यावरच्या पिवळसर खपल्यांना मात्र रात्री खोबरेल लावून सकाळी मऊ ब्रशने हलकेच सोडवणं हा उत्तम उपाय आहे. लंगोटाखाली खोबरेल म्हणजे अगदी पातळ भिंत, पुरळ नसताना चालेल.

साधा साबण, 'बेबी' लिहिलेलाही, पीएच ९-१० चा असतो. साडेपाच पीएचचा सिन्डेट (साबणाशिवाय बनलेला) बार किंवा वॉश घ्या आणि तोही आठवड्यातून दोन-तीनदा; बाकी दिवस नुसतं कोमट पाणी, पाच-सात मिनिटं.

बाईंच्या सेवेची पारख करायची तर पहिल्याच दिवशी चार गोष्टी बघा आणि स्पष्ट बोला, आदराने पण स्पष्ट: 'मावशी, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाल का, नखं कापलेली हवीत.' अनुभवी मावशींचे हात पाण्याचा अंदाज कोपराने घेतात, मानेखाली पंजा धरतात, वळ्या एकेक उघडून टिपतात. ही कला विकत मिळणारी नाही, आणि चांगल्या मावशी मिळाल्या तर ट्यूब-डायपरपेक्षा त्यांच्यावर खर्च केलेला बरा. पण डाळीचं पीठ आणि साय-हळद चोळणं, कणकेच्या गोळीने लव काढणं या दोन गोष्टींना नाही म्हणा. लव आपोआप काही आठवड्यांत झडते. कणकेने ओढली की केसांच्या मुळाशी बारीक जखमा होतात आणि तिथे पू धरतो. पिठाचे कण वळ्यांत आंबतात. ओवा-लसणाची धुरी बंद खोलीत देणं तर फुफ्फुसांनाच जाच. 'आमच्या वेळी सगळ्यांना केलं' हे उत्तर येणारच. 'डॉक्टरांनी मना केलंय' एवढं म्हटलं की वाद संपतो.

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या अंगावर उठणारे, लाल वर्तुळात पिवळट टोक असलेले ठिपके पाहून घर घाबरतं. ते इथून तिथे फिरतात आणि दोन आठवड्यांत जातात. नाकावरचे पांढरे दाणेही तसेच. दोन्हींना काही लावायचं नाही.

लगेच दाखवायचं ते हे: पाण्याने किंवा पूने भरलेले फोड, मधाच्या रंगाच्या खपल्या, कातडीचे पापुद्रे सुटणं, बेंबीभोवती पसरणारी लाली, रक्त. आणि पुरळासोबत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढणं कमी होणं, बाळ मलूल पडणं. तीन महिन्यांखालच्या बाळात रात्र असली तरी थांबायचं नाही. परळचं वाडिया, केईएम, शीव, नायर इथे बालरोग विभाग आहेत. साध्या पुरळासाठी जायचं असेल तर केसपेपरसाठी सकाळी लवकर निघा, आणि त्या सकाळी बुडाला झिंक लावू नका. पांढऱ्या थराखाली डॉक्टरांना काहीच दिसत नाही, ते पुसून काढताना बाळ रडतं, आणि पुसल्याने आलेली लाली कुठली नि मूळची कुठली हे मग सांगता येत नाही. आदल्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, जांघेची वळी उघडून एक फोटो काढून ठेवा. आणि आतापर्यंत जे जे लावलं त्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, काउंटरखालून मिळालेलीसुद्धा.